लॉक सोडताना

सप्रेम नमस्कार,

तू पाठवलेला तुझ्या कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, स्पिनलॉकचा कोड वाचला. सामायिक डेटाला एका वेळी प्रोसेसरच्या एकाच कोअरला हात लावू देणारं हे कुलूप. लॉक घेण्याच्या फंक्शनवर तू जीव ओतला आहेस आणि सोडण्याचं फंक्शन एका ओळीत उरकलं आहेस: लॉकच्या शब्दात शून्य लिहिलं, झालं. बहुतेक जण सुरुवातीला असंच लिहितात. पण अदलाबदल करणारी अ‍ॅटॉमिक, म्हणजे मध्ये कुणाला घुसू न देणारी, सूचना प्रोसेसर बनवणाऱ्यांनी आयती दिलेली आहे. तिच्या आधी काय होतं आणि नंतर काय होतं, तेवढंच खरं आपलं काम.

आधी इंटरप्ट, म्हणजे टायमरसारख्या उपकरणाने चालू काम मध्येच थांबवून आपला कोड (हँडलर) चालवायला लावणं. शिकवण्यासाठी बनवलेली एक्सव्ही6 ही छोटी ऑपरेटिंग सिस्टीम तुझ्याकडे आहेच, त्यातलं टिक्सलॉक बघ. झोपेचा सिस्टीम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) ते लॉक घेतो आणि टायमरच्या इंटरप्टचा कोडही तेच घेतो. समज, सिस्टीम कॉलने लॉक धरलेलं असताना त्याच कोअरवर टायमर आला. हँडलर लॉक मोकळं झालं का हे पुन्हा पुन्हा तपासत फिरत बसणार, आणि ज्याने लॉक सोडायचं तो हँडलर संपल्याशिवाय पुढे सरकणार नाही. कोअर कायमचा अडकला. म्हणून इंटरप्ट बंद करायचे, तेही लॉकला हात घालण्याआधी. तू ते लॉक मिळाल्यावर बंद केले आहेस. मधल्या दोन-तीन सूचनांची फट उरते, आणि तिथे टायमर आला की पुन्हा तेच. सोडताना क्रम उलटा: आधी लॉक मोकळं, मग इंटरप्ट.

ते थेट चालूही करू नकोस. एका लॉकच्या आत दुसरं घेतलेलं असतं. आतलं सोडताच इंटरप्ट सुरू झाले तर बाहेरचं उघडं पडतं. एक्सव्ही6 दर कोअरमागे एक काउंटर ठेवतो आणि पहिल्यांदा बंद करण्यापूर्वी इंटरप्ट चालू होते का, हेही टिपून ठेवतो. काउंटर शून्यावर आला आणि मुळात इंटरप्ट चालू होते, तरच ते पुन्हा चालू होतात. इतका नेटका कोड क्वचित वाचायला मिळतो. तो बघून उतरवू नकोस. वाच, मिटून ठेव आणि स्वतः लिही.

आता ते शून्य. यादीत नवा घटक जोडून तू लॉक सोडतोस, पण कंपायलरला आणि रिस्क-फाइव्हच्या प्रोसेसरला या दोन लेखनांचा संबंध ठाऊक नाही. दुसऱ्या कोअरला लॉक मोकळं झालेलं आधी दिसू शकतं आणि यादीतला बदल नंतर. तो अर्धवट यादी वाचेल. म्हणून शून्य लिहिण्यापूर्वी कुंपण (फेन्स: आधीची लेखनं आधीच दिसावीत अशी सूचना) हवं, कंपायलरसाठीही आणि प्रोसेसरसाठीही. इंटेलवर प्रोसेसर लेखनांचा क्रम सहसा स्वतःच पाळतो, तिथे कंपायलरला अडवलं की भागतं. त्यामुळेच इंटेलच्या लॅपटॉपवर तुझ्या चाचण्या पास होत असतील, तर त्यावर विसंबू नकोस. हा दोष चाचणीत सापडण्याची वाट बघायची नसते, कोड वाचतानाच तो शोधायचा असतो.

रांगेतल्या न्यायाची चिंता सध्या सोड. लिनक्सनेही टिकिट लॉक 2008 मध्ये, आवृत्ती 2.6.25 मध्ये घेतलं. बँकेतल्या टोकनसारखं, आधी आला त्याला आधी. पण वाट बघणारे सगळे कोअर एकाच कॅशलाइनवर (कोअरजवळच्या वेगवान स्मृतीतल्या छोट्या तुकड्यावर) डोळे लावून बसतात आणि दर वेळी ती सगळ्यांकडे फिरते. मेलर-क्रमी आणि स्कॉट यांच्या 1991 च्या लॉकमध्ये प्रत्येक जण आपापल्या जागेवर फिरतो. तीच कल्पना चार बाइटांत बसवून 2015 मध्ये, आवृत्ती 4.2 मध्ये लिनक्समध्ये क्यूस्पिनलॉक आलं. तुझ्या चार कोअरच्या कर्नलला यातलं काहीच लागत नाही.

एक मात्र आजच कर. लॉक कोणत्या कोअरकडे आहे ते लॉकमध्येच नोंदव, आणि त्याच कोअरने ते पुन्हा मागितलं तर कर्नल तिथेच पॅनिक होऊ दे, म्हणजे चूक सांगून थांबू दे. मुकाट फिरत राहणाऱ्या कोअरपेक्षा ओळ क्रमांक सांगून थांबलेला कर्नल कितीतरी बरा. पुढच्या वेळी कोड पाठवशील तेव्हा प्रत्येक लॉकच्या वर ते कोणत्या फील्डांची राखण करतं, तेही लिहून पाठव. मी आधी तेच वाचेन.