एमपीएससी सोडून जिल्हा परिषद?

पत्र : मुलगी 21 वर्षांची आहे, राज्यशास्त्र घेऊन बीएच्या शेवटच्या वर्षाला शिकते. एमपीएससीचा क्लास सोडून जिल्हा परिषद लढवायची म्हणते, तीही आयुष्यभर. यात करिअर आहे का? – एक पालक, सांगली जिल्हा

नमस्कार,

करिअर आहे, पण त्यावर घर चालत नाही. सदस्याला बैठकीच्या भत्त्यापलीकडे फारसं काही सुटत नाही. 'ठेके आहेत की' असं कोणी सुचवेल. जिल्हा परिषदेच्या ठेक्यात हितसंबंध असेल तर कायद्याने सदस्यत्व जातं. म्हणून कामं मेहुण्याच्या नावावर निघतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. त्या वाटेला तिला लावू नका.

तुमच्याच जिल्ह्यातले आर. आर. पाटील 1979 ते 1990 जिल्हा परिषदेत होते, मग आमदार झाले. तिच्या डोळ्यांसमोर तेच असावेत. पण 73 व्या घटनादुरुस्तीनंतर गटांचं, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघांचं, आरक्षण फिरू लागलं. निम्म्या जागा महिलांना आहेत, हे तिच्या पथ्यावरच. तरी पाच वर्षं राबून बांधलेला गट पुढच्या सोडतीत दुसऱ्या प्रवर्गाला जाऊ शकतो. शिवाय 2022 मध्ये मुदत संपलेल्या कित्येक जिल्हा परिषदांवर पुढे काही वर्षं प्रशासकच होते. एवढं थांबायचं तर हाताशी स्वतःची कमाई हवी. 'आधी सरकारी नोकरी, मग बघू' हेही जमणार नाही, कारण नोकरीत राहून लढता येत नाही. मी तिला एलएलबी करून तालुक्याच्या कोर्टात वकिली करायला सांगेन. ओळखीही तिथेच होतात. राखीव जागेवरून लढायची शक्यता असेल तर जात वैधता प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा.

एक तुमच्यासाठी. उद्या ती निवडून आली आणि खुर्चीत तुम्ही किंवा जावई जाऊन बसणार असाल, तर तिने एमपीएससीच केलेली बरी.

निवडणूक लांब आहे, काम नाही. गावच्या शाळेची मोडकळीला आलेली खोली पाडायची तर निर्लेखनाचा, म्हणजे ती वापरातून अधिकृतपणे काढून टाकण्याचा, प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून पंचायत समितीत आणि तिथून जिल्हा परिषदेत जातो. कुठे तरी त्रुटी निघते, फाईल परत येते. असा एक प्रस्ताव तिने शेवटपर्यंत न्यावा. कोणत्या टेबलावर काय अडतं, अभियंता कधी भेटतो, सेस फंडातून, म्हणजे जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या निधीतून, काय होतं आणि कशासाठी जिल्हा नियोजन समितीकडे जावं लागतं, हे त्यातच कळेल. ग्रामसभाही चुकवू नये. वर्षभराने तिला यातच रस असेल, तर मला पुन्हा लिहा; पुढचं पक्ष आणि तिकिटाचं बोलू.