आधी गठ्ठा सुटू द्या, मग पडदा लावा

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी असून दुसरी आणि तिसरी हे दोन्ही वर्ग माझ्याकडे एकत्र आहेत. गेल्या वर्षी गावाने लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेऊन दिला आणि एका संस्थेकडून चार टॅब मिळाले. मुले व्हिडिओ आवडीने पाहतात, कविता चालीसह पाठ करतात. परंतु हातच्याच्या वजाबाकीचा व्हिडिओ तीन वेळा दाखवूनही निम्म्याहून अधिक मुले ५२ मधून २७ वजा केल्यावर ३५ असे उत्तर लिहितात. मुले कशी शिकतात याचा अभ्यास करणारे पियाजे, ब्रूनर, वायगॉट्स्की हे सारे मानसशास्त्रज्ञ डी.एड.ला परीक्षेपुरते वाचले होते. टीव्ही आणि टॅब कधी, कशासाठी वापरावेत हे ठरवताना त्यांचा खरोखर काही उपयोग होतो का?
— एक प्राथमिक शिक्षिका, नाशिक जिल्हा

उत्तर : होतो, आणि आपण दिलेल्या ३५ या उत्तरापासूनच त्याची सुरुवात करता येते. हे उत्तर निष्काळजीपणातून आलेले नाही. दोनांतून सात जात नाहीत म्हणून मुलाने सातांतून दोन वजा केले आणि पाचांतून दोन वजा करून तीन मांडले. म्हणजे ‘मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा’ हा स्वतःचा नियम त्याने दोन्ही स्थानांवर इमानाने पाळला. बिनहातच्याच्या वजाबाकीत या नियमाने त्याला कधीच दगा दिलेला नसतो. पियाजे यांचे म्हणणे असे, की मूल नवा अनुभव आधी आपल्या जुन्या चौकटीत बसवून पाहते आणि तो तेथे बसेनासा झाला तरच चौकट बदलते. आपल्या व्हिडिओत गणित बरोबर सुटले असेल, पण मुलाचा नियम कोठेही अडला नाही. असा व्हिडिओ तीनदा काय, दहादा लावला तरी मूल तो पाहील आणि वहीत पुन्हा ३५ लिहील.

नियम अडतो तो वस्तूंपाशी. आइस्क्रीमच्या किंवा बांबूच्या काड्यांचे दहादहांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलासमोर ठेवून ‘यांतल्या सत्तावीस मला दे’ असे सांगितले, की दोन गठ्ठे लगेच हातात येतात आणि सात सुट्या देण्याची वेळ आली की मूल थांबते. हे थांबणे अमूल्य आहे. त्या क्षणी आपण काही न बोलता बसून राहिलात, तर बहुतेक वेळा कोणीतरी एक जण गठ्ठ्याचे रबर काढतोच. उरलेल्या काड्या मोजल्यावर पंचवीस भरतात आणि पाटीवर मात्र ३५ असतात. हा विरोध मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात मांडलेला क्रम येथे फार उपयोगी पडतो : आधी हाताची कृती, मग तिचे चित्र आणि शेवटी चिन्ह. टीव्हीवरचा व्हिडिओ कितीही हलताबोलता असला तरी तो चित्रच असतो. म्हणून त्याची जागा काड्यांनंतर आणि उभ्या मांडणीच्या आधी आहे. आपल्याकडे बहुधा उलटे घडते. नवा घटक सुरू करताना वातावरणनिर्मितीसाठी व्हिडिओ लावला जातो आणि वेळ उरला तर काड्या निघतात. ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून आपले ज्ञान घडवते हा विचार; हा शब्द प्रशिक्षणांतून इतका ऐकवला गेला आहे की त्याचा कंटाळा यावा, हे मला मान्य आहे. पण सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या (शाळांच्या एका गटाच्या) शाळांनी फरशीवरच्या आखणीतून, खडे-काड्यांतून जे करून दाखवले, त्याचा गाभा हाच होता आणि त्याला वीजही लागत नव्हती.

व्हिडिओ दाखवायचा तेव्हा तो कसा दाखवावा, यावरही अभ्यासकांनी पुष्कळ काम केले आहे. जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या बोधनभाराच्या सिद्धांतानुसार एका वेळी मनात धरून ठेवण्याची आपली क्षमता अगदी मर्यादित असते. मागे वाजणारे संगीत, कोपऱ्यात उड्या मारणारा ससा, पडद्यावरचा मजकूर आणि तोच मजकूर वाचणारा आवाज या सर्वांनी ती जागा व्यापली, तर दशक सुटण्यासाठी जागाच उरत नाही. मराठीत यात आणखी एका अडचणीची भर पडते. ५२ लिहिताना पाच आधी येतात, पण ‘बावन्न’ म्हणताना कानावर दोन आधी पडतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला, ते आपणास आठवत असेल. भाषेच्या सौंदर्याचा तो वाद बाजूला ठेवला, तरी स्थानिक किंमत शिकताना ही अडचण खरी आहे, असे माझे मत आहे. म्हणून माझी सूचना अशी, की हा व्हिडिओ आवाज बंद करून लावावा, दशक सुटण्याच्या आधी थांबवावा, ‘आता पुढे काय होईल?’ असे विचारून पाटीवर लिहून घ्यावे आणि मग पुढे सोडावा. पडदा दाखवत असताना ‘पन्नास दोन, म्हणजे चाळीस आणि बारा’ हे आपल्या तोंडून यावे. तीन मिनिटांच्या व्हिडिओला यात पंधरा मिनिटे लागतील, आणि ती लागू द्यावीत.

टॅबचे काम वेगळे आहे. वायगॉट्स्की यांच्या मते मूल एकट्याने जे करू शकते आणि जाणत्याच्या मदतीने जे करू शकते, त्यांमधल्या पट्ट्यात शिकणे घडते. आपला जोडवर्ग ही अडचण म्हणून सांगितली जाते, पण या बाबतीत तो आपला फायदा आहे : तिसरीतले एक आणि दुसरीतले एक मूल एका टॅबवर बसवावे, बोट धाकट्याने चालवावे आणि थोरल्याने फक्त बोलावे. बोट थोरल्याकडे गेले की धाकटे प्रेक्षक होते, एवढे लक्ष मात्र ठेवावे लागेल. ज्या ॲपमध्ये इशारे हळूहळू कमी करता येतात ते निवडावे. गवंडी भिंत उभी राहिली की परांची उतरवतो, तसेच या इशाऱ्यांचे. प्रत्येक उदाहरणात दशकाचा चौकोन आपोआप फुटून दाखवणाऱ्या ॲपमध्ये परांची कधी उतरतच नाही, आणि अशी मुले टॅबवर शंभर टक्के व वहीत शून्य मिळवतात.

एक गोष्ट सिद्धांतांच्या पुस्तकांत सापडणार नाही. ज्यांना वजाबाकी जमली आहे ती आठ मुले टॅबवर सराव करत असताना आपणास न जमलेल्या मुलांसोबत काड्या घेऊन जमिनीवर बसण्यासाठी वीस मिनिटे मिळतात. जोडवर्गाच्या शिक्षिकेला टॅबचा सर्वांत मोठा उपयोग मला हाच वाटतो.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेने सुचवलेल्या गणिताच्या ॲपमध्ये प्रत्येक बरोबर उत्तराला नाणी मिळतात. ती रोज उत्साहाने बसते; पण नाणी नसलेली उदाहरणे वहीत द्यायला गेले की ‘याचे काय मिळणार?’ असे विचारते. हे चांगले की वाईट?
— एक पालक, पुणे

उत्तर : या ॲपचे मूळ पुरुष अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर. १९५३ मध्ये ते मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला पालक म्हणून बसले होते. सर्व मुलांना एकाच गतीने चालवले जाते आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे त्यांना लगेच कळत नाही, या दोन गोष्टी त्यांना खटकल्या आणि त्यातून त्यांचे शिकवणारे यंत्र घडले. त्या यंत्रात नाणी नव्हती. उत्तर बरोबर आले हे तत्काळ कळणे, हेच स्किनर पुरेसे बक्षीस मानत. नाणी ही नंतरच्या बाजाराची भर आहे.

आपल्या मुलीचा प्रश्न मानसशास्त्राला अपरिचित नाही. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल, असे ज्यांना आधीच सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. ज्यांना काहीही कबूल न करता अचानक प्रशस्तिपत्र दिले, त्यांची आवड मात्र घटली नाही. म्हणून ॲप एकदम बंद करू नये. पाढे, बेरीज-वजाबाकीची जलद तयारी अशा मुळात रुक्ष सरावापुरते ते दहा मिनिटे ठेवावे. कोडी, मोजमाप, दुकान-दुकान यांसारख्या ज्या गोष्टी तिला नाण्यांवाचून आवडतात, तेथे नाणी, तारे किंवा चॉकलेट यांपैकी काहीही आणू नये. ‘काय मिळणार?’ या प्रश्नाला ‘उत्तर बरोबर आले का ते कळणार’ असे सांगून तिच्या शेजारी बसावे आणि प्रत्येक उदाहरण तेथेच तपासावे. दिवसाअखेरीस एकदम तपासलेल्या वहीचा तिला फारसा उपयोग नाही.

प्रश्न : पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरील व्हिडिओ घरी पाहून येण्यास सांगावे का?
— एक शिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : चौथीला सांगता येईल, पहिली-दुसरीला नको. घरातला एकमेव फोन संध्याकाळी वडील कामावरून येईपर्यंत नसतो, हेही लक्षात असावे. त्यामुळे ज्याने व्हिडिओ पाहिला नाही त्याला दुसऱ्या दिवशी उभे करू नये. पाहून येणाऱ्यांना एकच काम द्यावे : फोन बाजूला ठेवून, पुन्हा न पाहता, आठवेल ते चार वाक्यांत लिहिणे किंवा आजीला सांगणे. रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांबाबत असे दाखवले, की पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने आठवून लिहिणारे पुढे गेले. तो अभ्यास मोठ्यांचा होता, तरी चौथीच्या वर्गात करून पाहण्यास त्याला काहीच खर्च नाही. आठवून लिहिलेली ती चार वाक्ये सकाळी आधी वाचावीत आणि त्या दिवसाचा पाठ त्यांतील चुकांपासून सुरू करावा.