लिथियमची गोळी आणि नागपूरचा उन्हाळा

तुमचा प्रश्न असा आहे: धाकट्या भावाला बायपोलरसाठी (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं असा मानसिक आजार) जानेवारीपासून रोज 900 मिलिग्रॅम लिथियम सुरू आहे, तब्येत सुधारली आहे. पण घरचे म्हणतात की हे जुनं, धोक्याचं औषध आहे, उन्हाळ्यात तरी बंद ठेवा. आणि संशोधनातून आता याहून चांगलं काही निघालं आहे का?

बंद करू नका, आपल्या मनाने तर मुळीच नाही. लिथियम एकदम थांबवलं की आजार, विशेषतः मेनिया (मन आणि उत्साह बेफाम चढण्याची अवस्था), उलटण्याचा धोका वाढतो. खरंच बंद करायचं ठरलं तरी डॉक्टर ते किमान 4 आठवडे, शक्यतो 3 महिने घेऊन हळूहळू उतरवतात.

उन्हाळ्याची भीती मात्र खोटी नाही. किडनी लिथियमला सोडियमसारखंच वागवते. 45 अंशांच्या उन्हात घाम जातो, अंगातलं पाणी आणि मीठ घटतं, मग किडनी सोडियम धरून ठेवते आणि त्याच्यासोबत लिथियमही. गोळ्या तेवढ्याच असतात, पण रक्तातलं प्रमाण चढतं. आजार ताब्यात ठेवायला ते साधारण 0.6 ते 0.8 मिलिमोल प्रति लिटर पुरतं, आणि 1.5 च्या वर विषबाधा धरतात. मधलं अंतर एवढंच आहे, म्हणून लिथियमची तपासणी टाळून चालत नाही.

ही तपासणी उन्हाळा लागायच्या आधी एकदा आणि मे महिन्यात पुन्हा एकदा करून घ्या. डोस बदलला असेल तर त्यानंतर 5 ते 7 दिवसांनी. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं: रात्री 9 ला गोळी घेतली तर सकाळी 9 ला रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावरच. गोळी घेऊन दोन-तीन तासांत रक्त दिलं की आकडा फुगलेला येतो, त्यावरून डोस कमी होतो आणि काही दिवसांनी आजार डोकं वर काढतो. दुसरी चूक लॅबमध्ये होते. हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, रक्त गोठू नये म्हणून, बरेचदा लिथियम हेपॅरिन असतं. त्यात रक्त घेतलं तर ट्यूबमधलं लिथियमही मोजलं जातं. रक्त काढणाऱ्याला आधीच सांगा की तपासणी लिथियमची आहे, लाल किंवा पिवळ्या झाकणाची ट्यूब घ्या. किडनीसाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि कॅल्शियम या रक्ततपासण्या दर सहा महिन्यांनी.

पाणी तहान लागायची वाट न बघता पीत राहायचं, लघवी फिकट पिवळी राहिली पाहिजे. मीठ रोज साधारण सारखं ठेवा. एखाद्या दिवशी सावजी खाल्लं म्हणून काही बिघडत नाही, पण कोणीतरी सांगितलं म्हणून एकदम अळणी जेवण सुरू केलं तर लिथियम चढतं. निर्जळी उपवास या दिवसांत नको. उलट्या-जुलाब सुरू झाले तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना फोन करा. चुकलेली गोळी नंतर दुप्पट घेऊन भरून काढायची नाही.

मेडिकल स्टोअरमधून अंगदुखीची गोळी आणताना फार जपा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक यांनी लिथियम चढतं. साधी पॅरासिटामॉल चालते, पण पॅरासिटामॉल आणि ॲसिक्लोफेनॅक एकत्र असलेल्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, म्हणून पट्टीच्या मागचं बारीक अक्षर वाचाच. रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल, हायड्रोक्लोरोथायाझाइड या औषधांचंही तेच. ती लिहिणाऱ्या डॉक्टरांना लिथियम सुरू असल्याचं माहीत हवं.

हात बारीक थरथरणं नेहमीचं असू शकतं. कप धरवत नाही इतकी थरथर, झोकांड्या, जीभ जड होणं, उलट्या, गुंगी ही विषबाधेची लक्षणं. आपल्याकडे हे बघून ऊन लागलं म्हणतात, पन्हं पाजतात आणि कूलरसमोर झोपवतात. त्यात मोलाचे तास जातात. थेट मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत (तातडीच्या विभागात) न्या, दारातच लिथियमचं नाव सांगा आणि रक्तातली पातळी तपासायला लावा. प्रमाण फार चढलं असेल तर डायलिसिसने ते काढता येतं.

आता संशोधन. ऑस्ट्रेलियातले मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी लिथियमचा उपयोग 1949 मध्ये दाखवला, म्हणून ते जुनं खरं. पण 2010 च्या ‘बॅलन्स’ चाचणीत आजार उलटू न देण्यात एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा (बायपोलरवरचं दुसरं औषध) लिथियम सरस ठरलं. शिवाय व्हॅल्प्रोएटने गर्भाला गंभीर अपाय होतो, त्यामुळे मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो देत नाहीत. 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात बायपोलरशी जोडलेल्या जनुकसंचातल्या 298 जागा सापडल्या. प्रत्येकीचा वाटा इवलासा आहे, त्यामुळे जीन तपासून बायपोलर सांगतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका. मला सगळ्यात आशेचं वाटतं ते 2015 चं काम: रुग्णांच्या पेशींपासून प्रयोगशाळेत चेतापेशी वाढवल्या, त्या गरजेपेक्षा जास्त उत्तेजित होत होत्या, आणि लिथियमने फक्त त्याच शांत झाल्या ज्यांच्या मूळ रुग्णाला लिथियम लागू पडलं होतं. कोणाला कोणतं औषध लागू पडेल हे आधीच सांगण्याची वाट तिथून निघू शकते. आज मात्र ते घेऊनच कळतं, आणि तुमच्या भावाला ते मानवलं आहे. असं औषध हातचं घालवू नका.

मे महिन्यात लग्नसराई असते, तिथेही लक्ष ठेवा. सलग दोन रात्री जागरण मेनियाला पुरेसं ठरू शकतं, म्हणून वरात सोडून त्याला वेळेवर झोपू द्या. झोप कमी होऊनही थकवा नसेल, बोलणं आणि खर्च वाढले असतील तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स आणि प्रादेशिक मनोरुग्णालय इथे मानसोपचाराची ओपीडी आहे, आणि रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.