रिंग न लावता मोठं क्रॉस स्टिच कसं सांभाळायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, मुलीच्या रुखवतासाठी मोठी विठ्ठल-रुक्मिणी करायला घेतलीय. चार्ट २८० बाय २१० चौकोनांचा आहे, कापड १४ काउंटचं, म्हणजे इंचाला १४ चौकोन बसणारं, आयडा (फुल्या भरायचं भोकाभोकांचं कापड). मनगट दुखतं म्हणून रिंग (कापड ताणून धरायची गोल चौकट) धरवत नाही आणि स्टँडवाल्या फ्रेमला घरात जागा नाही. नुसतं हातात धरून करते तर एवढं कापड मांडीवर गोळा होतं, परवा तर ओढणीच टाक्यात शिवली गेली. चुण्या पडतील का ही पण भीती आहे. हातावर होईल का एवढं मोठं काम? (सोलापूरहून एक वाचक)

उत्तर : होईल की, न व्हायला काय झालं! १४ काउंटचं आयडा मुळात कडक असतं, त्याला रिंगची फारशी गरजच नसते. फक्त एक करा, अख्खं कापड सांभाळायला जाऊ नका. एका वेळी तळहाताएवढा तुकडा मोकळा ठेवा आणि बाकीचं वजन उशीवर टाका, मनगटावर अजिबात नको.

आधी माप बघून घ्या. २८० भागिले १४ म्हणजे २० इंच आणि २१० चे १५ इंच, चारी बाजूंनी ३-३ इंच सोडले की कापड २६ बाय २१ तरी हवं. एवढं आहे ना ते मोजा, नसेल तर आत्ताच थांबा. मग जिथे साडीला पिको-फॉल करून देतात तिथे नेऊन चारी कडा पिको करून आणा, कारण हातावरच्या कामात कापड सारखं घासतं आणि कडेचे धागे सुटून टाक्यात अडकत बसतात. चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद कापडातच राहतो.

आता सुरुवात कुठून करायची. सगळेजण सांगतात मधून करा, आणि रिंग असेल तर ते ठीकच आहे, पण हातावर करताना मला ते पटत नाही, कारण पहिल्या दिवसापासून चारी बाजूंचं कापड मुठीत येतं. तुम्ही उजव्या हाताने भरत असाल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातून करा, वरून ३ आणि डावीकडून ३ इंच सोडून. डाव्या हातात थोडंच कापड राहतं आणि बाकीचं उजवीकडे-खाली उशीवर पसरून पडतं. पुढे मध्यावर आलात की डावीकडची बाजू सैलसर गुंडाळून चिमटा लावायचा. गुंडाळताना भरलेली बाजू आत, म्हणजे हाताचा घाम-मळ लागत नाही. ऑफिसच्या काळ्या क्लिपा चालतात पण उठताना आठवणीने काढा, पावसाळ्यात गंजाचा डाग पडला तर निघता निघत नाही. आणि रोज त्याच रेषेवर घडी घालू नका. ओढणीचं म्हणाल तर मांडीवर उशी, उशीवर जाडसर गडद कापड, आणि ओढणी सरळ खुंटीला! गडद कापडाने आयडाची भोकं पण नीट दिसतात.

चुण्यांची भीती घालवायची तर सुई कशी चालते ते बघा. रिंगमध्ये सुई एकदा खाली जाते, एकदा वर येते, दोन खेपा. हातावर कापड वाकतं म्हणून एकाच खेपेत काम होतं. चौकोनाच्या डाव्या खालच्या भोकातून दोरा वर आला की सुई उजव्या वरच्या भोकात घाला आणि लगेच त्याच चौकोनाच्या उजव्या खालच्या भोकातून बाहेर काढा. सुई कापडावर वरून खाली अशी सरळ उभ्या रेषेत दिसली पाहिजे. तिरका टाका पडला आणि पुढच्याची सुरुवात पण झाली. अशी ओळभर तिरक्या रेघा करत जा आणि येताना उजवीकडून डावीकडे त्याच पद्धतीने फुल्या पुऱ्या करा, म्हणजे फुल्यांचे वरचे पाय, म्हणजे वरच्या तिरक्या रेघा, आपोआप सगळे एकाच दिशेला पडतात. दोरा कापडावर टेकला की ओढणं थांबवा. टाक्याच्या टोकांशी भोकं मोठी दिसायला लागली तर तुम्ही जास्त ओढताय, चुण्या तिथूनच येतात. २४ नंबरची बोथट सुई घ्या, दोऱ्याचे दोन पदर, दोरा हातभर लांब, त्याहून लांब घेतला तर पीळ पडून गाठी होतात.

मोजणी चुकू नये म्हणून दर १० चौकोनांवर शिवणाच्या दोऱ्याच्या एका पदराने धावदोरा घालून जाळी करून ठेवा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण २८० चौकोनांच्या चार्टमध्ये एक चौकोन चुकला तर विठोबाचा कान रखुमाईच्या बाजूला सरकायचा.

प्रश्न : आयडा इकडे मिळत नाही, मॅटीवर करते, पण ती फार मऊ आहे, हातात धरली की लोळते. (रत्नागिरी)

उत्तर : पातळ खळ करून मॅटीला द्या आणि दमट असतानाच इस्त्री मारा, छान ताठ होते. फक्त काम संपल्यावर खळ धुऊन टाकायची, तशीच ठेवली तर कोकणातल्या हवेत बुरशी आणि किडे दोन्ही लागतील. आणि मॅटीचे चौकोन कधीकधी अगदी चौरस नसतात, तेव्हा इंचात किती बसतात ते उभे-आडवे दोन्ही मोजा, नाहीतर मूर्ती बुटकी नाहीतर लांबुडकी होईल.

प्रश्न : सगळं हातावरच करायचं म्हणजे रिंग कधीच लागत नाही का? (पुणे)

उत्तर : लागते. अर्ध्या टाक्याचं, म्हणजे एकाच तिरक्या रेघेचं भरीव काम असेल तर सगळा ताण एकाच दिशेला जातो आणि कापड कोनात सरकतं, तिथे मी रिंग लावेन. मऊ लिननला पण. फक्त भरून झालं की लगेच काढा, रात्रभर लावून ठेवली तर गोल वळ उमटतो आणि त्यात धूळ बसली की धुऊनही नीट जात नाही.

प्रश्न : पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने चौकोन आखलेत. आधी धुवू की इस्त्री करू? (बेळगाव)

उत्तर : आधी धुवा! उष्णतेने ती शाई पक्की बसू शकते. गार पाण्यात बुडवून ठेवा, रेघा पूर्ण गेल्या की मगच उलट्या बाजूने जाड टॉवेलवर ठेवून इस्त्री. लाल दोरा रंग सोडायला लागला तर पाणी बदलत राहा, रंग सुटायचा थांबेपर्यंत वाळत घालू नका.