पोलिश कामगारांमुळे ब्रिटनचं भलं झालं की नुकसान?

कामगार स्थलांतरावरच्या गेल्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ब्रिटनमधल्या पोलिश कामगारांबद्दल विचारणारी होती. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : पोलंडमधून एवढी माणसं एकदम ब्रिटनमध्येच का गेली? तिथल्या सरकारला याचा अंदाज नव्हता का? (एक वाचक, नाशिक)

१ मे २००४ रोजी पोलंडसह दहा देश युरोपीय संघात आले. त्यांच्यापैकी पूर्वेकडच्या आठ देशांच्या कामगारांना सात वर्षांपर्यंत थोपवून धरायची मुभा जुन्या सदस्य देशांना होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती २०११ पर्यंत पुरेपूर वापरली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी मात्र पहिल्याच दिवशी दारं उघडली. त्या वेळी पोलंडमध्ये बेकारी २० टक्क्यांच्या आसपास होती, तरुणांमध्ये तर त्याहून कितीतरी जास्त. ब्रिटनमध्ये कामाला माणूस मिळत नव्हता, विमानाची तिकिटं स्वस्त झाली होती आणि नव्या पिढीला शाळेतून कामापुरतं इंग्रजी आलेलं होतं.

सरकारकडे अंदाज होता, पण तो साफ चुकला. गृहखात्यासाठी अर्थतज्ज्ञांनी २००३ मध्ये केलेल्या अभ्यासात वर्षाला निव्वळ (म्हणजे परत जाणारे वजा करून) ५ ते १३ हजार माणसं येतील, असा आकडा होता. जर्मनीही आपलं दार उघडेल, हे त्यात गृहीत धरलेलं होतं. जर्मनीने उघडलं नाही, तरी लोकांना सांगितला जाणारा आकडा तोच राहिला. २००१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे ५८ हजार लोक होते. २०११ मध्ये ते ५ लाख ७९ हजार झाले. इंग्रजी आणि वेल्समधली वेल्श सोडली, तर पोलिश ही तिथली सर्वांत मोठी भाषा ठरली.

त्या वेळी मंत्रिमंडळात असलेले जॅक स्ट्रॉ यांनी २०१३ मध्ये हा निर्णय म्हणजे फार मोठी चूक होती, असं कबूल केलं. मला ही कबुली अपुरी वाटते. येणाऱ्यांची धड मोजदाद ठेवली नाही आणि ते जिथे राहायला जाणार तिथे काहीच तयारी केली नाही, चूक तिथे झाली. पुढच्या उत्तरांत हे वारंवार येईल, कारण सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो.

प्रश्न : बाहेरचे कामगार आले की मजुरी पडते, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. ब्रिटनमध्ये खरंच पडली का? (यंत्रमाग कामगार संघटनेतले एक कार्यकर्ते, इचलकरंजी)

तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर द्यायला हवं.

देशात कामं ठरावीकच असतात आणि बाहेरचा आला की एका स्थानिकाचं काम गेलं, हा हिशेब मनाला पटकन पटतो, पण तो बरोबर नाही. आलेला माणूस घरभाडं भरतो, किराणा घेतो, बसने फिरतो, केस कापून घेतो. त्यातून नवी कामं निर्माण होतात. म्हणूनच ब्रिटनमधल्या अभ्यासांत देशभराच्या सरासरी मजुरीवर फारसा परिणाम दिसत नाही. स्थलांतराबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या समितीने अॅलन मॅनिंग यांच्या अध्यक्षतेखाली २०१८ मध्ये सविस्तर अहवाल दिला. त्याचाही निष्कर्ष साधारण हाच होता.

पण सरासरीत तळाचा माणूस दिसत नाही. वेगवेगळ्या थरांचा हिशेब मांडला, की वरच्या थरांची मिळकत किंचित वाढलेली आणि सगळ्यात कमी मजुरीवाल्यांची किंचित घटलेली दिसते. बँक ऑफ इंग्लंडने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार, हॉटेल, सफाई, देखभाल अशा कमी कौशल्याच्या सेवांमध्ये स्थलांतरितांचं प्रमाण दहा टक्के-बिंदूंनी (म्हणजे समजा २० वरून ३० टक्क्यांवर) वाढलं, तर तिथली मजुरी जवळपास दोन टक्क्यांनी कमी होते. दोन टक्के हा आकडा कागदावर लहान दिसतो. किमान वेतनावर घर चालवणाऱ्याला मात्र तो महिनाअखेरीला जाणवतो. तो जाणवतो असं म्हणणाऱ्या माणसाला वंशद्वेष्टा ठरवून मोकळं होणं मला कधीच पटलेलं नाही.

आता प्रत्यक्ष काम पाहू. लिंकनशायर हा इंग्लंडच्या पूर्वेकडचा भाजीपाल्याचा सपाट, ओला प्रदेश. कोबीच्या शेतात ट्रॅक्टरमागून एक लांबलचक सांगाडा गोगलगायीच्या गतीने सरकतो. मजूर वाकून गड्डा कापतो, बाहेरची पानं सोलतो, पट्ट्यावर टाकतो. वर उभे असलेले तो पिशवीत भरतात आणि माल तसाच सुपरमार्केटकडे रवाना होतो. हिवाळ्यात पहाटे, पावसातही हे सुरूच. मजूर शेतकऱ्याच्या हजेरीपटावर नसतो, तो मुकादमाच्या एजन्सीचा असतो. सुपरमार्केटने संध्याकाळी ऑर्डर कमी केली, की दुसऱ्या दिवशीची पाळी रद्द. मजूर राहतो ते घरही बऱ्याचदा एजन्सीचंच, शेतावर नेणारी गाडीही एजन्सीची, आणि दोन्हींचे पैसे मजुरीतून वळते होतात. हाती काय उरतं, ते तासाच्या दरावरून कळत नाही. पगाराची चिठ्ठीच वाचावी लागते.

ही पद्धत पोलिश माणसांनी आणलेली नव्हती, ती आधीपासून होती. फेब्रुवारी २००४ मध्ये मोरकॅम्ब उपसागरात शिंपल्या वेचणारे वीसहून अधिक चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडून मेले, तेव्हा कुठे मुकादमांना परवाना बंधनकारक करणारा कायदा झाला. तोही शेती, अन्नप्रक्रिया आणि शिंपल्या वेचणं एवढ्यापुरताच. एजन्सीच्या कामगाराला बारा आठवड्यांनंतर कायम कामगाराइतकाच पगार मिळावा, हा नियम २०११ मध्ये लागू झाला. त्यातही एक पळवाट ठेवलेली होती, ती बंद व्हायला २०२० उजाडलं. मधल्या काळात एकाच पट्ट्यावर उभे असलेले दोघे जण एकाच कामाचे वेगवेगळे पैसे घेऊन घरी जाऊ शकत होते. अशा ठिकाणी मजुरी पडली, तर त्याचं खापर नव्या माणसावर फोडू नका. दोन दर ठेवायला ज्या कायद्याने मुभा दिली, त्याला जाब विचारा. तुमच्या संघटनेने हाच मुद्दा लावून धरावा, असं मला मनापासून वाटतं : एका मागावर एकच दर, कामगार कुठल्याही राज्यातला असो.

प्रश्न : तिथले दवाखाने, शाळा, भत्ते यांचा फायदा घेण्यासाठीच ते गेले, असं वाचलं. सरकारी तिजोरीवर भार पडला का? (एक वाचक, पुणे)

भार पडला नाही, उलट भर पडली. आलेले बहुतेक जण पंचविशीच्या आसपासचे, धडधाकट आणि कामावर असलेले. त्यांच्या शिक्षणाचा खर्च पोलंडने केलेला होता. शिवाय २०११ पर्यंत नव्या कामगाराला नोंदणी करावी लागे आणि सलग बारा महिने काम केल्याशिवाय बेकारी भत्त्यासारख्या सवलती मिळत नसत. या नोंदणीचं शुल्क सुरुवातीला ५० पौंड होतं. त्या वेळचं किमान वेतन तासाला साडेचार पौंड. म्हणजे अकरा तासांहून जास्त मजुरी नोंदणीतच जाई. पूर्व युरोपातून आलेल्यांनी घेतलेल्या सेवांपेक्षा भरलेला कर जास्त, असा निष्कर्ष लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अर्थतज्ज्ञांनी काढला. त्यांच्यापैकी क्रिश्चन डस्टमन हे २००३ च्या चुकलेल्या अंदाजाच्या अभ्यासातही होते.

मग लोक चिडले कशामुळे? कर जमा होतो लंडनच्या तिजोरीत आणि गर्दी होते गावच्या दवाखान्यात. लिंकनशायरमधल्या बॉस्टन या गावाची लोकसंख्या २००१ मध्ये ५६ हजारांच्या आत होती, ती दहा वर्षांत ६४ हजारांवर गेली. २०११ मध्ये तिथे दर दहा माणसांमागे साधारण एक जण युरोपीय संघातल्या नव्या सदस्य देशांत जन्मलेला होता. डॉक्टर, वर्ग, घरं मात्र त्या प्रमाणात वाढली नाहीत. तीन खोल्यांच्या घरात पाळीपाळीने झोपणारे आठ-दहा मजूर, वाढलेली भाडी, शाळेत इंग्रजी न येणारी मुलं, हे सगळं त्या गावाने सोसलं. २०१६ च्या सार्वमतात युरोपीय संघ सोडायच्या बाजूने सर्वाधिक मतदान याच गावात झालं : ७५.६ टक्के.

त्यातही मोजणीचा घोळ होता. परदेशातून किती माणसं आली, हे बंदरांवर आणि विमानतळांवर काही प्रवाशांना थांबवून, प्रश्न विचारून ठरवलं जाई. हा सर्व्हे मोठ्या विमानतळांना धरून बेतलेला, आणि पोलिश तरुण उतरत होते ल्युटन, स्टॅन्स्टेडसारख्या तुलनेने छोट्या विमानतळांवर. सरकारी सांख्यिकी कार्यालयाने २०१४ मध्ये मान्य केलं, की २००१ ते २०११ या काळातलं निव्वळ स्थलांतर ३ लाख ४६ हजारांनी कमी धरलं गेलं. नगरपालिकांना मिळणारा पैसा लोकसंख्येच्या आकड्यावर ठरतो. कागदावर माणूसच नसेल, तर त्याच्या मुलासाठी शिक्षक कुठून येणार? लंडनजवळच्या स्लाउ गावाची नगरपालिका वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगत होती.

२००९ मध्ये गॉर्डन ब्राऊन यांच्या सरकारने अशा गावांसाठी वर्षाला सुमारे साडेतीन कोटी पौंडांचा निधी काढला. त्यासाठीचे पैसे युरोपबाहेरच्या लोकांच्या व्हिसा शुल्कावर ५० पौंड अधिभार लावून उभे केले, म्हणजे त्यात भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांचाही वाटा होता. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने तो निधी गुंडाळला. ब्रेक्झिटची कारणं शोधणाऱ्यांनी या छोट्या निर्णयाकडे अधिक लक्ष द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

प्रश्न : आमच्या वळिवड्याला महायुद्धाच्या काळात पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्या माणसांचा या कामगारांशी काही संबंध आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

थेट नाही, पण दुवा आहे. सोव्हिएत संघात हद्दपार झालेली आणि इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसं, मुख्यतः स्त्रिया आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला राहिली. त्यांच्यातले बरेच जण पुढे ब्रिटनला गेले, कारण ब्रिटिश सैन्याच्या बाजूने लढलेले त्यांचे वडील, नवरे, भाऊ तिथे होते. १९४७ मध्ये ब्रिटनने खास कायदा करून या पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना वसवलं. त्यांनी बांधलेली चर्च, क्लब आणि शनिवारच्या पोलिश शाळा २००४ नंतर आलेल्या तरुणांना आयत्याच मिळाल्या.

१९४७ च्या त्या कायद्यात छावण्या, इंग्रजीचे वर्ग, काम मिळवून देण्याची सोय असं सगळं लिहिलेलं होतं. २००४ मध्ये यातलं काहीच नव्हतं.

प्रश्न : पदवीधर पोलिश मुलं कारखान्यात डबे भरत होती, हे खरं का? (एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

खरं आहे. शिक्षण जास्त आणि काम हलकं, ही तक्रार या पिढीत सर्रास होती. भाषा कच्ची, पदवीला तिथे किंमत नाही आणि लगेच पैसे हवेत, म्हणून पहिलं मिळेल ते काम धरायचं. काही जण दोन-तीन वर्षांत वर चढले, कुणी बांधकामाचा स्वतःचा धंदा काढला. अनेक जण मात्र तिथेच अडकले. नुकसान त्यांचं तर झालंच. ब्रिटनचंही झालं, कारण हाताशी आलेली नर्स आणि शिक्षिका त्याने पॅकिंगच्या पट्ट्यावर उभी ठेवली.

प्रश्न : मी लंडनजवळ राहते. ब्रेक्झिटनंतर पोलिश लोक परत गेले आणि त्यांच्या जागी आपले लोक आले, असं इथे म्हणतात. तुमचं मत काय? (महाराष्ट्र मंडळाच्या एक सदस्य)

सगळे गेलेले नाहीत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले ७ लाख ४३ हजार लोक होते. पण ओघ आटला, हे खरं. पौंड घसरला, पोलंडमध्ये बेकारी अगदी कमी झाली, मजुरी वाढली, आणि सार्वमतानंतर रस्त्यात पोलिश बोलल्यावर ऐकाव्या लागणाऱ्या शिव्यांनीही अनेकांचं मन उडालं. २०२० अखेर मुक्त ये-जा संपली. सप्टेंबर २०२१ मध्ये टँकर चालवायला ड्रायव्हर नाहीत म्हणून पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा तुम्ही पाहिल्याच असतील.

त्यानंतर वृद्धांची काळजी घेण्याच्या कामासाठी २०२२ मध्ये व्हिसा खुला झाला आणि भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे इथून माणसं गेली. ‘जागा घेतली’ म्हणताना एक मोठा फरक विसरू नका. पोलिश मजुराला मुकादम पटला नाही, तर तो त्याच संध्याकाळी काम सोडून दुसरीकडे जाऊ शकत होता. काळजीवाहकाचा व्हिसा मात्र एका मालकाशी बांधलेला. त्या मालकाने प्रायोजकत्व काढून घेतलं, तर सहसा ६० दिवसांत दुसरा मालक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. कर्ज काढून एजंटाला लाखो रुपये दिलेली बाई तक्रार करायला धजावेल का? पिळवणुकीच्या तक्रारी वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये सरकारने परदेशातून नवी भरतीच बंद केली. ती माणसं तिथे कशी राबवली गेली, याची जबाबदारी घ्यायला मात्र कुणी पुढे आलं नाही.

तुमच्या मंडळाकडे अशी कुणी आली, तर तिला गणपतीच्या कार्यक्रमाला बोलवाच, पण आधी तिची पगाराची चिठ्ठी आणि करारपत्र वाचून द्या. ब्रिटनमध्ये काम मिळवून देण्याबद्दल एजन्सीने कामगाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. शेती आणि अन्नप्रक्रियेतल्या मुकादमांचे परवाने सरकारी यादीत कुणालाही तपासता येतात. भारतातल्या एजंटाचं नाव परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे का, हे गावाकडच्या नातेवाइकांना पैसे देण्याआधी बघायला सांगा.