मुलगी म्हणते, बिल्डिंग नाही, वस्ती आखायचीय

प्रश्न : आम्ही तळोजा फेज १ मध्ये राहतो. मुलगी बारावी सायन्सला आहे, गणित चांगलं आहे, इंजिनीअरिंगचे क्लास लावलेत. पण मेट्रो सुरू झाल्यापासून तिच्या डोक्यात एकच खूळ आहे. स्टेशनांच्या आजूबाजूची घरं, रस्ते, दुकानं नीट आखायची, त्यातच करिअर करायचं. संध्याकाळी स्टेशनबाहेर उभी राहून माणसं मोजते आणि वहीत लिहून ठेवते. यात नोकऱ्या असतात का? आर्किटेक्चर करावं लागेल का? तिची चित्रकला यथातथाच आहे. – एक आई

उत्तर : ताई, पत्राबरोबर वहीच्या पानाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. गुणपत्रिकेपेक्षा मी त्या पानावर जास्त वेळ रेंगाळलो. ‘पेंधर, ७.१०. उतरले ६४, चालत गेले ११, रिक्षा ५, बाकीचे रांगेत.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘फुटपाथवर गाळ्यांच्या पायऱ्या आल्यात, म्हणून कोणी चालत नाही.’ ही शेवटची ओळ तिला कुणी शिकवली नाही ना? मग हे खूळ नव्हे.

या विषयाचं नाव नगर नियोजन. त्यातली तिला आवडलेली शाखा म्हणजे स्टेशन मध्ये धरून वस्ती आखणं. केंद्र सरकारचं यासाठी २०१७ चं धोरण आहे. साधारण पाचशे ते आठशे मीटर, म्हणजे पाच-दहा मिनिटं चालण्याच्या टापूत दाट वस्ती, घरांबरोबर दुकानं-ऑफिसं, पार्किंग कमी, चालायला चांगले रस्ते, असा त्याचा गाभा. आपल्याकडे यातला जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकामाची मुभा, सगळ्यांना चटकन कळतो, फुटपाथ मात्र शेवटी आठवतो. नकाशावर कंपासने पाचशे मीटरचं वर्तुळ काढणं सोपं असतं. प्रत्यक्षात मध्ये सोसायटीची भिंत, नाला किंवा महामार्ग आला की तेच अंतर दुप्पट होतं. खारघरचंच बघा ना, रेल्वे स्टेशन महामार्गाच्या एका अंगाला आणि वसाहतीचा मोठा भाग दुसऱ्या अंगाला.

दुसरी गोम घरांच्या किमतीची. स्टेशन आलं की भाव चढतात. मग ज्यांच्या दारात दोन गाड्या आहेत ते स्टेशनजवळ राहायला येतात आणि ज्यांचं लोकलवाचून अडतं ते आणखी लांब जातात. कोणासाठी किती चौरस फुटांची घरं ठेवायची, भाड्याची किती, पार्किंग किती कमी करायचं, हे ठरवणं हाच या कामातला कस. चित्रकलेचा संबंध त्यात थोडाच.

तिला एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवा, यात फळ उशिरा दिसतं. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि अभियंता शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडच्या शहराची, म्हणजे नवी मुंबईची कल्पना मांडली १९६५ मध्ये. ते शहर उभारणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली १९७० ला. लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये! मधल्या काळात राहायला आलेल्यांनी बसच्या रांगेत काय काढलं असेल ते जुन्या वाशीकरांना विचारा. तुमच्या दारची मेट्रोही नोव्हेंबर २०२३ मध्ये, बऱ्याच वर्षांच्या रखडपट्टीनंतर धावली. ज्याला सहा महिन्यांत काम उभं राहिलेलं बघायचं असतं, त्याचा इथे जीव घुसमटतो. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीच्या पहिल्या वर्षी निम्मा वेळ चौकात उभा राहून वाहनं मोजत होता. वैतागून फोन करायचा. तुमची लेक तेच काम फुकटात, हौसेनं करतेय.

आता शिक्षण. आर्किटेक्चरची सक्ती नाही. बारावीनंतर चार वर्षांचं बी.प्लॅनिंग, म्हणजे नियोजनाची पदवी, करता येते. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये त्यासाठी जेईई मेनचा पेपर २ब लागतो. त्यात गणित, अभिक्षमता आणि नियोजनावरचे प्रश्न असतात, चित्रकलेची परीक्षा नसते. ती आर्किटेक्चरच्या २अ मध्ये. पुण्यात सीओईपी या तंत्रज्ञान विद्यापीठातही नियोजनाची पदवी आहे. तिथल्या प्रवेशाची पद्धत त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा, शेजाऱ्यांच्या सांगण्यावर जाऊ नका. दुसरी वाट म्हणजे आधी सिव्हिल किंवा आर्किटेक्चर आणि मग दोन वर्षांचं एम.प्लॅन, म्हणजे नियोजनातली पदव्युत्तर पदवी. दिल्लीला वाहतूक नियोजन आणि गृहनिर्माण अशा स्वतंत्र शाखा आहेत.

माझं मत विचाराल तर, एवढी ओढ असेल तर थेट बी.प्लॅनिंग. पण पुढे एम.प्लॅन धरूनच चाला, नुसत्या पदवीवर चांगल्या जागा कमी. तुमच्या मनाची अगदीच तयारी होत नसेल तर सिव्हिल करू द्या, त्यातून ही वाट बंद होत नाही.

नोकऱ्या आहेत, पण आयटीसारख्या कॅम्पसवर रांगा लागत नाहीत. सिडको, एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), महामेट्रो, महापालिका, खासगी सल्लागार कंपन्या आणि शहर वाहतुकीवर काम करणाऱ्या संस्था, असा हा पसारा. सल्लागारांकडे सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. राज्याच्या नगर रचना विभागात सहायक नगर रचनाकाराची पदं एमपीएससीतून भरतात, पात्रता त्या त्या जाहिरातीत असते. इंग्रजीत अहवाल लिहिता येणं, जीआयएसवर (संगणकावरच्या नकाशा प्रणालीवर) नकाशा करता येणं आणि मराठीत ग्रामस्थांसमोर उभं राहून बोलता येणं, या तिन्हींशिवाय इथे निभाव लागत नाही. तिसरं कॉलेजात कोणी शिकवत नाही.

पुढच्या रविवारी तिला एक काम द्या. पेंधर स्टेशनच्या दारातून दहा मिनिटं चारही दिशांना चालायला सांगा आणि जिथे पोचेल तिथे नकाशावर टिंब. टिंबं जोडून जो वेडावाकडा आकार येईल तो मला पाठवा. तिला त्यात मजा आली की कंटाळा, तेही लिहा.

आणि जेईईचा फॉर्म भरताना बी.टेक.बरोबर बी.प्लॅनिंगवरही खूण करायला विसरू नका. एकाच फॉर्ममध्ये दोन्ही होतं, आणि क्लासचं गणित दोन्हीकडे उपयोगी पडतं.