लिनक्सवर बसून विंडोजची एक्झी

लिनक्सवर बसून विंडोजवर चालणारी प्रोग्रॅमची फाइल (एक्झी) बनवायची, तर आधी ‘होस्ट’ या शब्दाचा घोळ मिटव. कॉन्फिगर स्क्रिप्ट म्हणजे कोड कंपाइल करण्याआधी तयारी करणारी स्क्रिप्ट; तिच्या भाषेत तू कंपाइल करतोस ते मशीन ‘बिल्ड’, आणि प्रोग्रॅम जिथे चालणार ते ‘होस्ट’. ‘टार्गेट’ला हातच लावू नकोस, ते कंपायलर बनवणाऱ्यांसाठी.

डेबियनवर (लिनक्सचाच एक प्रकार) मिंगडब्ल्यू-डब्ल्यू64 हे पॅकेज टाकलंस की विंडोजसाठीचा कंपायलर मिळतो. खरी डोकेदुखी लायब्रऱ्यांची, म्हणजे प्रोग्रॅम वापरतो त्या तयार कोडच्या संचांची. पीकेजी-कॉन्फिग (लायब्रऱ्या कुठे आहेत ते सांगणारा प्रोग्रॅम) गुपचूप लिनक्सच्याच लायब्रऱ्या पुढे करतो आणि लिंकर (सगळे तुकडे जोडून एक्झी बनवणारा) भलत्याच चुका दाखवतो. माझे दोन रविवार त्यातच गेले. पीकेजी-कॉन्फिगचा शोधमार्ग विंडोजसाठी बांधलेल्या लायब्रऱ्यांकडे वळव.

झेडलिब (डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी) मात्र वेगळं प्रकरण: तिची कॉन्फिगर स्क्रिप्ट हाताने लिहिलेली, तिथे होस्टचा पर्याय चालत नाही. तिच्या विन32 फोल्डरमधली मेकफाइल (बांधणीच्या सूचनांची फाइल) घे.

तयार एक्झी वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं साधन) चालवून बघ. कोड सी प्लस प्लसमध्ये असेल तर बहुधा एखाद्या न सापडलेल्या डीएलएलवरून (वेगळ्या फाइलमधली विंडोजची लायब्ररी) अडेल. ती सोबत दे, नाहीतर स्टॅटिक लिंक कर, म्हणजे लायब्ररी एक्झीच्या आतच जाईल.